दोन वाडगी आणि मधली खुर्ची

हर्णे, ७ ऑक्टोबर

विहीणबाई सावित्रीबाई यांना गुणवंतीचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. इथे सगळं ठीक आहे. तुमची लेक दर्शना बरी आहे, माझा निहार बरा आहे, बोट पण बरी आहे. फोनवर तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की दर्शना म्हणते, "आई, अख्ख्या बंदराला कळलं." म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं आहे. चौथीत शाळा सुटली तेव्हाच ते वाकडं होतं, मग सरळ करायला वेळ कुठे मिळाला?

हे पत्र आमच्या शेजारच्या अनिलच्या टेम्पोतून मासळीच्या पेट्यांवर बसून येतंय. वास आला तर नाकाला रुमाल लावा. दर्शनाच्या लग्नात तुमच्या मंडणगडच्या मंडळींनी लावले होतेच. मी ते कधीच विसरून गेले. सोबत सुकट दिली आहे, ती भाजून कांदा घालून खा, नुसती डब्यात ठेवून देऊ नका.

तर काल दिशाचा फोन आला. आपल्या नातीला तुम्ही शिकायला रत्नागिरीत घरी ठेवून घेतलीत ते फार बरं केलंत, लोकांना मी सांगत असते. ती म्हणाली, "आज्जी, डिसेंबरात कॉलेजात जपानी सिनेमांचा महोत्सव आहे. त्यात मी एक सिनेमा दाखवणार, खाली मराठी अक्षरं टाकून. आणि सिनेमा संपल्यावर एका आजीने स्टेजवर खुर्चीत बसून सांगायचं, काय आवडलं, काय नाही." मी म्हटलं, कुठल्या आजीने? तर म्हणे, "तुम्ही दोघी आपसात ठरवा. मला मध्ये घेऊ नका."

मला इतका आनंद झाला की मी पाटीतली कोळंबी सांडली. माझी नात मला स्टेजवर बसवणार! म्हणजे तुम्हाला किंवा मला.

तुम्ही आणि दिशा रोज संध्याकाळी ती जपानी चित्रं बघता हे मला माहीत आहे. त्याला कार्टून म्हणायचं नाही, अ‍ॅनिमे म्हणायचं, असं दिशा बजावते. तिने फोटो पाठवला होता, तुम्ही दोघी एका ताटात काड्यांनी भात खाताय. छान आहे फोटो. तुमचं तोंड जरा जास्तच उघडं आलंय, पण छान आहे. मी पण झाडूतल्या हिराच्या दोन काड्या धुऊन घेतल्या आणि बसले भात खायला. दर्शना हसून हसून चुलीपाशी खाली बसली.

आणि चित्रं मी पण बघते हो. दर्शनाने टीव्हीवर लावून दिली आहेत, हिंदीतून. निळ्या केसांचा एक पोरगा आहे, तलवार घेऊन फिरतो. पोरगा मनाने चांगला. पण मारायच्या आधी स्वतःच्या फटक्याचं नाव ओरडून सांगतो! अहो, समोरचा सावध नाही का होणार? आमच्या मासळीच्या लिलावात माझ्याबरोबरची गंगुबाई मनातला भाव तोंडावर येऊ देत नाही, आणि हा भर लढाईत नाव सांगतो. एकच फटका, तो तीन भाग चालला. मध्ये त्याला त्याची मेलेली आई आठवली, शाळा आठवली, पाऊस आठवला. तोवर समोरचा उभाच. हा मोठाच दोष. पण त्याची भाकरी, म्हणजे ते भाताचे गोळे, त्यातून वाफ काय निघते! मी टीव्हीजवळ जाऊन बसले. हा गुण.

म्हणून म्हणते, माझी तयारी आहे. तुम्हाला ऐकू कमी येतं, स्टेजवर लोक प्रश्न विचारणार, उगाच दगदग. तुमच्या काळजीपोटी सांगते, दुसरं काही नाही.

तुमची विहीण
गुणवंती


हर्णे, १९ ऑक्टोबर

सावित्रीबाई,

उत्तर मिळालं. अक्षर मोत्यासारखं आहे. तुम्ही सातवी पास, ते दिसतंच.

"तुम्हाला ऐकू येत नाही" असं मी चांगल्या मनाने लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "ऐकू येत नाही म्हणूनच दिशा माझ्यासाठी खाली मराठी अक्षरं टाकते. मी सगळं वाचते. तुम्हाला ती वाचायला जमतील का?"

मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं ती अक्षरं कॉलेजसाठी आहेत, रत्नागिरीच्या लोकांसाठी. तुमच्यासाठी पोर रोज बसून एक एक वाक्य टाइप करते, हे मला कुणी सांगितलं नाही. दर्शनाला विचारलं, तुला ठाऊक होतं काय गो? ती कोळंबी सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "हो, वर्षभर करतेय ती. आई, तुम्ही चिडाल म्हणून नाही सांगितलं." मी म्हटलं, मी कशाला चिडू? ती म्हणाली, "तुम्ही आत्ता माझ्या पाटीतली सोललेली कोळंबी परत टरफलांत टाकताय."

तुमची लेक माझ्या घरात, माझी नात तुमच्या घरात. वाटप बरोबर आहे असं लोक म्हणतील. पण दर्शना मला कधी अक्षरं टाकून देत नाही, ते सोडा.

मी पण बसून सगळं नीट पारखलंय, लिहून ठेवा. दोष पहिला, तोंडं सगळ्यांची एकसारखी. केसांचा रंग काढला तर भाऊ कोण, बहीण कोण, कळायचं नाही. डोळे एवढाले, की बांगड्याने बघितलं तर लाजेल, आणि नाक म्हणजे टाचणीचं टोक. रडायला लागले की नळ सोडल्यासारखं पाणी. आई जिवंत असलेलं पोर मला अजून एकाही गोष्टीत सापडलं नाही, आयांवर ह्यांचा काय राग आहे? पोरींचे झगे असे तोकडे की मी दर्शनाला म्हटलं, निहार घरात यायच्या आधी बंद कर. आणि गोष्ट पैशासाठी लांबवतात ती लगेच कळते, एक अख्खा भाग मागचंच दाखवलं. शिळी मासळी पाणी मारून परत मांडावी तसं.

पण गुण पण सांगते, खोटं कशाला. कुणाला घाई नाही. म्हातारा पायरीवर बसला तर बसू देतात, वारा येऊ देतात, गवत हलू देतात. आपल्याकडच्या मालिकेत म्हातारं माणूस बसलं की लगेच ढोल वाजतो आणि त्याला झटका येतो. तिथे म्हातारं माणूस चहा पितं. पूर्ण पितं. मला ते फार आवडलं. आणि लहान पोरं काम करतात, भांडी घासतात, विहिरीवर जातात, नुसती गोड बोलत नाहीत.

दिवाळीला दिशा इकडे येणार आहे. इकडे, हर्ण्याला. मग बघू.

गुणवंती


हर्णे, २९ ऑक्टोबर

सावित्रीबाई, नमस्कार!

चकल्या पोचल्या, कुरकुरीत होत्या, जरा तिखट कमी. पण आज मी तुमच्यावर खूश आहे, का ते पुढे लिहिते.

दिशा आली होती. चार दिवस माझ्याशेजारी झोपली, माझ्या. महोत्सवात दाखवायचा तो सिनेमा तिने इथे आम्हाला लावून दाखवला. नाव तिनेच मराठीत दिलंय, 'दोन वाडगी'. तुम्ही तो पाहिलाय, पण मी आधी माझं सांगते. गंगुबाई आली होती, तिची सून समीक्षा आली होती, दाटीवाटीने बसलो. सिनेमा जपानी भाषेत, खाली दिशाची मराठी अक्षरं. मी म्हटलं, आता दाखवते तुझ्या सावित्री आजीला. पहिलं वाक्य आलं, मी वाचायला घेतलं, 'बाबा अजून' एवढं होतंय तोवर गेलं ते! दुसरं आलं, तेही गेलं. मला बोट ठेवून वाचायची सवय. मी उठून टीव्हीवर बोट ठेवलं. गंगुबाई मागून म्हणते, "अगो बाजूला हो, जपानी माणसाच्या नाकात बोट घालतेस!" दिशा हसली नाही. ते मला जास्त लागलं.

मग मी बोट काढलं, वाचायचा नाद सोडला, नुसतं बघितलं आणि ऐकलं. आणि विहीणबाई, काय सिनेमा आहे! समुद्रकाठचं गाव, अगदी आपल्यासारखं, नुसते मासे वेगळे. आठ-नऊ वर्षांची पोर, बाप बोट घेऊन जातो, येत नाही. पोर रोज दोन वाडग्यांत भात वाढते. एक आपला, एक बापाचा. कुठे इंजिनाचा आवाज आला की धावत धक्क्यावर जाते. कधी टपालाची लाँच, कधी दुसऱ्याची बोट. परत येते, भात खाते. असे दिवस जातात, पोर मोठी होते. शेवटी ती दुसरं वाडगं धुते, पुसते आणि फळीवर ठेवून देते. मग पडदा काळा.

तुम्ही दिशाला सांगितलंत म्हणे, शेवट फार दुःखाचा, बाप येत नाही, पोरीने आशा सोडली. दिशाही तेच म्हणते. आणि इथे मी तुम्हा सगळ्यांना धरलं! पडदा काळा झाल्यावर पण आवाज चालू होता. इंजिनाचा. टक टक टक, जरा थांबून, टक. तोच आवाज, जो पहिल्यांदा बाप निघाला तेव्हा होता! मी ओरडले, "आला, आला तिचा बाप!" समीक्षा दचकली. हर्ण्यातल्या बाईला हे सांगावं लागत नाही. निहारची बोट दिसायच्या कितीतरी आधी मला ऐकू येते, चूल पेटवायला वेळ मिळतो मला. पाठमोरी उभी असले तरी कुणाची बोट आली ते सांगते. सगळ्या बायका सांगतात.

म्हणजे बाप आला, पोरीला वाडगं फळीवरून परत काढावं लागणार, आणि हे काही खाली अक्षरांत नाही! आवाज कोण लिहितो? दिशाच्या तोंडाचा आ झाला. म्हणाली, "आज्जी, हे माझ्या लक्षातच नाही आलं."

आता सांगा, खुर्चीत कुणी बसायचं? सिनेमा अर्धा कानाचा असतो. मी वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. थोडं लिहितेय.

तुमचीच
गुणवंती


हर्णे, १४ नोव्हेंबर

सावित्रीबाई,

तुमचं पत्र दर्शनाने मला वाचून दाखवलं, मग मी बोट ठेवून परत वाचलं.

तुम्ही लिहिलंत, "खुर्ची तुमची. त्या पोरीसाठी मी महिनाभर जेवताना रडत होते, ताटात भात आला की ती आठवायची. तुमचं पत्र वाचलं आणि उठून देवापुढे साखर ठेवली. आमच्या भजनातल्या बायकांना पण सांगितलं, बाप आला म्हणून. त्या पण माझ्याबरोबर रडल्या होत्या. मला हे कधीच कळलं नसतं. तुम्हीच बसा."

भांडण इतक्या लवकर संपेल असं मला वाटलं नव्हतं. दोन पत्रांपुरता मसाला माझ्याकडे अजून शिल्लक होता.

मी फार आनंदात आहे. हिरवी साडी काढली, गंगुबाईची मोठी नथ मागून ठेवली. बंदरावर वाळूत उलट्या पाटीवर बसून मी बायकांना भाषण करून दाखवते. "मंडळी, जपानी चित्रांचे गुण असे आणि दोष असे." कोळणींनी टाळ्या वाजवल्या. एक गिऱ्हाईक मला विचारतंय, "आजी, सुरमई केवढ्याला?" मी म्हटलं, थांब रे, आधी दोष ऐक.

तुम्ही पहिल्या रांगेत बसा. दिशाला सांगते जागा ठेवायला.

गुणवंती


हर्णे, ३० नोव्हेंबर

सावित्रीबाई,

हे पत्र मी बरेच दिवस लिहायचं टाळलं. तुम्ही उत्तराची वाट बघत असाल असं दर्शना म्हणते. मी म्हटलं, बघू देत.

त्याचं असं झालं. लिलाव चालू होता. मी पाठमोरी, बर्फ फोडत होते. मागून इंजिन ऐकू आलं, मी म्हटलं, निहार नाही, हा स्वरूप आला त्याची बोट घेऊन. वळून बघायची गरजच नव्हती. हात चालू ठेवले. आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख झालं. त्या सिनेमातली पोर टपालाच्या लाँचला का धावली? दुसऱ्याच्या बोटीला का धावली? कोळ्याची पोर ती, समुद्रावर जन्मलेली. तिला आपल्या बापाचं इंजिन कळू नये? आमच्याकडचं शेंबडं पोर पण चुकीच्या बोटीला धावणार नाही.

घरी येऊन दर्शनाला म्हटलं, परत लाव. मी डोळे मिटून बसले. बापाची बोट निघाली. टक टक टक, थांबून, टक. मग टपालाची लाँच. टक टक टक, थांबून, टक. मग त्या शेजाऱ्याची बोट, तोच आवाज. सगळ्या बोटींना एकच आवाज, सावित्रीबाई! शेवटच्या काळ्या पडद्यावरची बोट कुणाचीही असेल. दिशाला फोन लावून विचारलं. ती म्हणाली, "आज्जी, छोटी कंपनी असेल, एकच रेकॉर्डिंग सगळीकडे वापरलं असेल. तू म्हणालीस तेव्हा मी पण तपासलं नाही. मला पण तो यायला हवा होता."

भाताच्या वाफेचा एक एक धागा काढतात, पायरीवरचं शेवाळं काढतात, आणि बोटींना एकच आवाज! हा ह्या जपान्यांचा सगळ्यात मोठा दोष. डोळ्यांना सगळं देतात, कानाला उरलंसुरलं.

आता बाप आला म्हणून तुमची साखर देवापुढे पडून आहे, आणि बाप काही आला नाही. किंवा आला असेल, मला माहीत नाही. तुम्ही वाचलंत ते खरं होतं, वाडगं फळीवर गेलं. गप्प बसावं असं वाटलं होतं मला. कुणाला कळणार होतं? दिशा तुम्हाला सांगणार नाही म्हणाली, "तू सांग" म्हणाली. हिरवी साडी इस्त्री करून ठेवलेली आहे. पण स्टेजवर मी "बाप आला" म्हणणार आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून मान डोलावणार, ते माझ्या डोळ्यांसमोर येतं. मला ते बघवायचं नाही.

म्हणून खुर्ची तुमची. दिशाने अक्षरं तुमच्यासाठी टाकली, सिनेमा तुमचाच. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, ते इथे लिहून टाकते म्हणजे आत राहायला नको. ती इथे आली की तुमच्या घरच्या गोष्टी सांगते. "त्या आजीने असं केलं, त्या आजीने तसं केलं." मी ऐकते आणि मासळी जास्त जोरात साफ करते.

भजनातल्या बायकांना तुम्ही काय सांगायचं ते सांगा.

गुणवंती


हर्णे, १२ डिसेंबर

सावित्रीबाई,

तुम्ही शहाण्या आहात की हट्टी आहात, ते मला ह्या पत्रावरून ठरवता येईना.

तुम्ही लिहिता, "सगळ्या बोटींचा आवाज एकच ठेवला तो दोष नाही, तोच गुण. वाट बघणाऱ्याला प्रत्येक आवाज आपल्याच माणसाचा वाटतो. आमचे हे मुंबईला गिरणीत होते तेव्हा मंडणगडच्या घरी मी प्रत्येक एसटीला दारात यायची. तेव्हा मला चांगलं ऐकू यायचं."

विहीणबाई, तुमचं सगळं मान्य, पण एसटी आणि बोट यांत फरक आहे. सरकारी गाड्या सगळ्या एका आवाजाच्या. बोटीचं तसं नसतं. वाट बघणारीचा कान आणखी तिखट होतो, बोथट होत नाही. मी निहारच्या वडिलांची बोट तुफानात ओळखलेली आहे, वारा उलटा असताना. तेव्हा हा दोषच. कंपनीने आळस केला. तुम्ही उगाच त्याला मोठेपणा देताय.

दर्शनाला दोन्ही पत्रं दाखवली, तुमचं आणि माझं हे अर्धं. ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघी मिळून एक धड प्रेक्षक आहात. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला वाचता येत नाही." तुमचीच लेक, तोंड तुमच्यावरच गेलंय. मग तिने दिशाला फोन केला, आणि आता दोघींनाही स्टेजवर बसायचंय. तुम्ही म्हणा गुण, मी म्हणते दोष, लोकांनी ठरवावं. मी काही मागे हटणार नाही, तुमचं वय बघून पण नाही.

तर २० तारखेला सकाळी मी अनिलच्या टेम्पोत पुढे बसून येते. साडी हिरवी आहे, तेव्हा तुम्ही हिरवी नेसू नका. बांगड्याचं तिखलं डब्यात आणते, दिशाला माझ्या हातचंच आवडतं. तुम्ही पण खा.

आता बसायचं कसं, ते. दिशाने स्टेजच्या कडेला तीन खुर्च्या लिहून दिल्या आहेत, सिनेमा बघायला पण त्याच, तुम्ही, मी आणि मध्ये ती. मी फार खूश झाले होते, मध्ये ती म्हणजे निम्मी माझी. मग काल ती म्हणाली, सिनेमा चालू असताना तिला मागे मशीनपाशी उभं राहावं लागणार, अक्षरं वेळेवर पडली पाहिजेत. म्हणजे मधली खुर्ची अख्खा सिनेमाभर रिकामी. आणि तुमचा उजवा कान जरा बरा आहे म्हणे, पण अगदी जवळून बोललं तरच. तुम्ही मला खालची अक्षरं वाचून दाखवायची, मी तुम्हाला आवाज सांगायचे. आता इंजिन, आता पाऊस, आता पोर गुणगुणतेय. एवढं लांबून ते व्हायचं नाही.

म्हणून मी दिशाला सांगितलंय, मधली खुर्ची काढून टाक. माझी तुमच्या उजव्या हाताला, चिकटवून लाव.

वास आला तर रुमाल मात्र लावायचा नाही.

तुमची विहीण
गुणवंती